सॅमनचं टाकीतलं बालपण आणि समुद्रातली मरतूक

भरतीओहोटी | अंधेरी

परवा मासेबाजाराच्या धाग्यावर नॉर्वेच्या सॅमनचा विषय निघाला होता. वांद्र्याच्या दुकानांत बर्फावर मांडलेला असतो तो अटलांटिक सॅमन. आपला रावस वेगळा, दोघांचं कूळही एक नाही. तिथे एकाने विचारलं होतं की नॉर्वेसारखा देश, एवढी यंत्रं, एवढे डॉक्टर, मग पिंजऱ्यात इतके मासे मरतात कसे? उत्तरं आली ती सगळी समुद्राची. माशांच्या अंगाला चिकटणाऱ्या उवा, विषाणू, जेलीफिश, थंडी. ती खरीच आहेत, पण माझ्या मते अर्धीच आहेत. उरलेल्या अर्ध्यासाठी समुद्राच्या बरंच आधी जावं लागतं, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

मी वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत शिकले. नंतर काही वर्षं नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅमनची पिल्लं वाढवणाऱ्या केंद्रात काम केलं. हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

नॉर्वेत वर्षाला सुमारे १५ लाख टन सॅमन तयार होतो. २०२३ मध्ये समुद्रात सोडलेल्या सॅमनपैकी १६.७ टक्के मासे काढणीच्या आधीच मेले. नगांत मोजले तर ६ कोटींच्या वर. तिथली पशुवैद्यक संस्था दरवर्षी हा हिशेब प्रसिद्ध करते, लपवत नाही, हे त्यांचं मोठेपण. पण मासा जिथे मेला तिथल्या वहीत त्याची नोंद होते. वर्षभरापूर्वी तो ज्या टाकीत वाढला त्या टाकीची वही तोवर बंद झालेली असते.

आता अंड्यापासून सुरुवात करू. सॅमनची अंडी नदीच्या गारगोट्यांत, हिवाळ्याच्या गार पाण्यात वाढतात. केंद्रात त्यांचं वय दिवसांत मोजत नाहीत, अंशदिवसांत मोजतात, म्हणजे पाण्याचं तापमान गुणिले दिवस. अंडं फुटायला साधारण ५०० अंशदिवस लागतात. ८ अंशांवर दोन महिने, ४ अंशांवर चार. पाणी थोडं तापवलं की महिने वाचतात, आणि सगळा मोह इथून सुरू होतो. ८ अंशांच्या वर गेलं की मणके नीट घडत नाहीत. १० अंशांवर उबवलेल्या माशांत आखूड झालेले, एकमेकांना चिकटलेले मणके जास्त सापडतात. पिल्लू लहान असताना यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही. मासा किलोभराचा झाला की एक्स-रेत दिसतं, नाहीतर थेट कापताना.

याहून विलक्षण गोष्ट स्नायूंची. २००८ साली स्कॉटलंडच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अंड्यात पिल्लाचे डोळे दिसू लागेपर्यंत, फक्त तेवढ्याच काळात, अंडी २, ५, ८ आणि १० अंश अशा वेगवेगळ्या पाण्यात ठेवली. त्यानंतर सगळ्यांना एकसारखं वाढवलं. मासे प्रौढ झाल्यावर पाहिलं तर त्यांच्या स्नायूतंतूंची संख्या वेगवेगळी भरली, आणि सर्वांत जास्त तंतू ५ अंशांवाल्यांत होते. अंड्यातले काही आठवडे मासा आयुष्यभर अंगावर वागवत होता.

पुढचा टप्पा सगळ्यात नाजूक आहे. नदीतल्या पिल्लाच्या अंगावर काळसर पट्टे असतात. ते तळाशी आपली जागा राखून, प्रवाहाकडे तोंड करून राहतं. समुद्राची वेळ झाली की पट्टे जातात, अंग चंदेरी होतं, शरीर लांबट होतं आणि मासा प्रवाहाबरोबर खाली निघतो. या अवस्थेतल्या माशाला स्मोल्ट म्हणतात. बाहेरून हा रंगबदल वाटतो, खरा बदल कल्ल्यांत आणि मूत्रपिंडात होत असतो. गोड्या पाण्यात माशाच्या अंगात पाणी सतत शिरतं आणि क्षार बाहेर झिरपतात, म्हणून कल्ले पाण्यातून क्षार ओढून घेतात आणि मूत्रपिंड भरपूर पातळ लघवी करतं. समुद्रात नेमकं उलट. माशाच्या रक्ताचा खारेपणा समुद्राच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. मग मासा समुद्राचं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. हे काम करणारं विकर (एन्झाइम) म्हणजे सोडियम-पोटॅशियम एटीपेज. त्याचं एक रूप गोड्या पाण्याचं, एक खाऱ्या पाण्याचं, आणि ही अदलाबदल मासा नदीत असतानाच व्हावी लागते. समुद्रात पडल्यावर तयारी सुरू करून भागत नाही.

नदीत या बदलाचा इशारा वाढत्या दिवसाकडून मिळतो. केंद्रात तो दिव्यांनी देतात. आधी चोवीस तास उजेड, मग साधारण सहा आठवडे बारा तास अंधार, म्हणजे नकली हिवाळा, आणि मग पुन्हा सहाएक आठवडे चोवीस तास उजेड. नॉर्वेच्या नद्यांत रानटी पिल्लाला समुद्राकडे निघायला बहुधा दोन ते चार वर्षं लागतात. केंद्रात वर्षाच्या आत स्मोल्ट तयार होतो, आणि हव्या त्या ऋतूत.

अडचण अशी की टाकीतले सगळे मासे तो इशारा सारखाच घेत नाहीत. जे लहान राहिले त्यांचं शरीर तयार नसतं. काही तयार असतात. काहींची वेळ उलटून गेलेली असते. पण मासे वाहून नेणारी बोट एकाच तारखेला येते आणि सगळे एकदमच ३४ पीपीटीच्या, म्हणजे हजार भागांत ३४ भाग मीठ असलेल्या, पाण्यात जातात. तयार नसलेला मासा पहिल्या दिवशीच मरतो असं नाही. तो खाणं सोडतो, अंगातलं पाणी गमावतो, काळपट आणि बारीक होतो, जाळ्याच्या कडेला पृष्ठभागाजवळ रेंगाळतो. काही आठवड्यांनी थंड पाण्यात त्याला जखमा होतात, त्यात मोरिटेला व्हिस्कोसा नावाचा जिवाणू शिरतो, आणि वहीत कारण लिहिलं जातं: हिवाळी जखमा. नोंद खोटी नसते. पण त्या माशाचं नुकसान समुद्र दिसण्याच्या आधीच झालेलं असतं.


साटमकाका | दादर

भरतीओहोटी, फार चांगलं लिहिलंस. माझं मासळीचं ज्ञान बाजारापुरतं, पण हे समजलं. एक विचारतो. सगळे मासे एका वेळी तयार होत नाहीत हे केंद्रवाल्यांना माहीतच असणार. मग उशीर झालेल्यांना आणखी महिनाभर ठेवून का घेत नाहीत? आणि तयार झालाय की नाही हे ओळखायची काही सोय आहे का, की अंगाच्या चंदेरी रंगावरच भरवसा?


भरतीओहोटी | अंधेरी

काका, नेमकं विचारलंत. रंगावर भरवसा ठेवायचा नसतो. खरी चाचणी साधी आहे: नमुन्याचे थोडे मासे पूर्ण खाऱ्या पाण्यात २४ तास ठेवायचे आणि मग रक्तातलं क्लोराइड मोजायचं. लिटरमागे १५० मिलिमोलच्या खाली राहिलं तर मासा मीठ बाहेर टाकू शकतो. कल्ल्याचा बारीक तुकडा घेऊन विकराची पातळीही तपासतात. चांगली केंद्रं दोन्ही करतात. पण सरासरी चांगली आली की टाकीला हिरवा कंदील मिळतो, आणि सरासरीच्या खाली जे मासे आहेत ते त्या कागदावर दिसत नाहीत. मी नेहमी भांडायचे ते याच्यावरून. सरासरी बघू नका, खालचे दहा टक्के बघा.

थांबायचं म्हणाल तर मासा तयार अवस्थेत कायम राहत नाही. ठरावीक काळात समुद्र मिळाला नाही तर शरीर मागे फिरतं आणि पुन्हा गोड्या पाण्याचं होऊ लागतं. पाणी जितकं गरम तितकं हे लवकर. म्हणजे मागे राहिलेल्यांसाठी थांबाल तर पुढे गेलेले हातचे जातात. यावर एकच उपाय, आकारानुसार वेगळं करणं आणि प्रत्येक गटाला स्वतःचा हिवाळा देणं. त्याला टाक्या जास्त लागतात, माणसं जास्त लागतात. मागची तुकडी त्याच टाक्यांच्या रांगेत उभी असते. उशिरांना थांबू न देण्यामागे शरीरशास्त्र थोडं आणि टाकीचं भाडं जास्त.


पशुवैद्य_ठाणे | ठाणे

मी कोंबड्यांचा डॉक्टर, माशांमधलं मला कळत नाही. पण वाचताना सारखा ब्रॉयलर आठवत होता. झपाट्याने वाढणाऱ्या पक्ष्याचं अंग वाढतं, हृदय आणि फुप्फुस त्या मानाने मागे पडतात, आणि पोटात पाणी भरून पक्षी जातो. थंडीत किंवा हवा कोंडली की मरतूक एकदम वाढते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वाढ थोडी रोखली तर हा त्रास कमी होतो हे आम्ही शेडवर पाहतो. सॅमनमध्ये हृदयाचं असं काही आढळतं का?


भरतीओहोटी | अंधेरी

डॉक्टर, तुम्ही माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या मुद्द्यावर बोट ठेवलंत.

रानटी सॅमनचं हृदय त्रिकोणी असतं, टोक स्पष्ट. पाळलेल्या सॅमनचं हृदय कापून पाहिलं तर बऱ्याचदा ते गोलसर, टोक बोथट, आणि वरची रक्तवाहिनी सुरू होते तो फुगीर भाग जागेवरून कललेला. गोल हृदय दर ठोक्याला कमी जोमाने रक्त ढकलतं. नॉर्वेच्या संशोधकांनी वेगवेगळ्या केंद्रांतले स्मोल्ट तपासले, तेव्हा गरम पाण्यात आणि सतत उजेडात घाईने वाढवलेल्यांत हा बिघाड जास्त दिसला. थंड पाण्यात सावकाश वाढलेल्यांची हृदयं रानटी माशांच्या जास्त जवळ होती. आकार गोड्या पाण्यातच ठरतो. नंतर समुद्रात कितीही चांगलं खाद्य घाला, तो आकार सहजी सुधारत नाही.

हा मासा टाकीत मरत नाही. टाकीत त्याला काही पडलेलंच नसतं. खाणं समोर, पाणी संथ, प्राणवायू भरपूर. पिंजऱ्यातही शांत दिवसांत निभावतं. मग उवा येतात. उवा मारायला आता औषधं पुरी पडत नाहीत, उवांना त्यांची सवय झाली आहे. म्हणून मासे पंपाने बोटीवर ओढून २८ ते ३४ अंशांच्या पाण्यातून अर्धा मिनिट काढतात, किंवा पाण्याच्या झोताने आणि ब्रशने घासतात. ज्या माशाचा समुद्र ८ अंशांचा, त्याला हा धक्का. धडधाकट मासा सोसतो. गोल हृदयाचा मासा दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याच्या तळाशी सापडतो. वहीत लिहितात: उवाकाढणीनंतरची मरतूक.

त्यावर हृदयाचे विषाणूजन्य आजार वेगळेच. एक आजार तर मोठ्या, काढणीला आलेल्या माशांना गाठतो. हृदयाची भिंत मऊ पडून फुटते आणि वरून तुकतुकीत दिसणारा मासा अचानक मरतो. विषाणू टाकीने दिला असं मी म्हणत नाही. पण ज्या हृदयावर तो विषाणू बसतो ते हृदय टाकीत घडलेलं असतं.

यावर एक उपाय मला फार आवडतो, कारण त्याला औषध लागत नाही. पाण्याला वेग देणं. मासा दर सेकंदाला साधारण आपल्या अंगाच्या लांबीइतकं अंतर कापेल एवढा प्रवाह टाकीत ठेवला, तर हृदय आणि स्नायू कमावले जातात. पोहून तयार झालेल्या पिल्लांनी विषाणूचा संसर्ग जास्त चांगला सोसला असं प्रयोगांत दिसलं आहे. नदीत त्याला हेच करावं लागलं असतं.


कल्ले_कल्ले | वर्सोवा

नमस्कार, मी सध्या वर्सोव्यालाच पीएचडी करतो आहे, विषय पुनर्चक्रण पद्धतीचा, म्हणजे तेच पाणी गाळून पुन्हा वापरणाऱ्या टाक्या. ताईंच्या लेखात मूत्रपिंडाचा उल्लेख ओझरता आला, तिथे थोडी भर घालतो.

या टाक्यांत मासे दाटीने असतात आणि प्राणवायू बाहेरून सोडतात, त्यामुळे पाणी कमी बदललं तरी मासे जगतात. पण त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड नीट निघाला नाही तर साठत जातो. नॉर्वेत लिटरमागे १५ मिलिग्रॅमची मर्यादा धरतात. हा वायू रक्तात वाढला की मूत्रपिंडात कॅल्शियमचे खडे धरू लागतात. मूत्रपिंड कापलं की पांढऱ्या रेघा दिसतात. मासा खातो, वाढतो, वजन छान भरतं. आणि मग त्याला समुद्रात सोडतात, जिथे मूत्रपिंडाला सगळी पद्धतच बदलायची असते.

तरी मला एक बाजू मांडायची आहे. पुनर्चक्रणामुळेच मोठे स्मोल्ट करणं शक्य झालं. नॉर्वेत पूर्वी २५० ग्रॅमपर्यंतचेच मासे समुद्रात सोडता येत, तो नियम नंतर शिथिल झाला. फॅरो बेटांवर ४०० ते ५०० ग्रॅमपर्यंत जमिनीवर वाढवतात. मासा समुद्रात दीड वर्षाऐवजी वर्षभरच राहिला, तर उवाकाढणीच्या एक-दोन खेपा वाचतात. म्हणजे जमिनीवरचं आयुष्य लांबवणं हा रोगावरचा उपायच आहे. ताई, तुम्ही सगळा दोष टाकीला देताय असं वाटलं.


भरतीओहोटी | अंधेरी

दोष टाकीला नाही रे, घाईला. पण तुझा मुद्दा खरा आहे आणि त्याचं सरळ उत्तर द्यायला हवं.

मोठा मासा समुद्रात कमी काळ राहतो, हे मान्य. फॅरोवाल्यांनी ते करून दाखवलं. पण मोठा म्हणजे दणकट, हे गृहीत धरता येत नाही. ५०० ग्रॅमचा मासा टाकीत बनवायला काय लागतं बघ. १३-१४ अंशांचं पाणी, चोवीस तास दिवे, भरपूर तेलकट खाद्य. यातून नर लवकर वयात येतात. वयात येणारा मासा पुन्हा गोड्या पाण्याकडे जायच्या तयारीला लागतो, म्हणजे आपण त्याला नेमक्या उलट दिशेला सोडतो. तू सांगितलेले मूत्रपिंडाचे खडे जितके दिवस टाकीत तितके वाढतात. शिवाय मासा मोठा म्हणून काही केंद्रं टाकीतच थोडं खारं पाणी मिसळतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं, आणि टाकीच्या कोपऱ्यात गाळ साचला की त्यातून हायड्रोजन सल्फाइड बनतं. रात्रीतून अख्खी टाकी जाते. तुझ्या विषयात हे तुला माझ्याहून जास्त माहीत असेल.

म्हणून मोठ्या स्मोल्टचे निकाल संमिश्र आहेत. ज्यांनी मोठा आणि सावकाश वाढवला त्यांना फायदा झाला. ज्यांनी मोठा आणि लवकर वाढवला त्यांनी मरतूक फक्त पुढे ढकलली.

तुझ्या बाजूचंही एक उदाहरण देते. १९८७ साली नॉर्वेच्या सॅमनशेतीत जवळपास ५० टन प्रतिजैविकं वापरली गेली. आज उत्पादन कितीतरी पटींनी वाढलं आणि वापर वर्षाला टनाच्याही खाली आला. हे घडलं ते लशीमुळे, आणि ती लस टाकीत, समुद्राच्या आधी, एकेका माशाच्या पोटात टोचतात. लहानपणी केलेलं काम समुद्रात कसं फळतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. म्हणजे टाकी बिघडवू शकते तशी घडवूही शकते. लशीनंतर शरीराला वेळ मात्र द्यावा लागतो, आणि घाई तिथेही आड येते.


साटमकाका | दादर

वाचतो आहे. खाणाऱ्याच्या बाजूने एक शंका. हे वाकड्या कण्याचे, जखमांचे मासे आपल्या मुंबईत येतात का?


भरतीओहोटी | अंधेरी

काका, अख्खा मासा म्हणून सहसा नाही. जखमा असलेला किंवा वेडावाकडा मासा तसाच देशाबाहेर पाठवायचा नाही, आधी तिथे कापून साफ करायचा, असा नियम नॉर्वेने वर्षानुवर्षं राबवला. त्यामुळे आपल्या काउंटरवर दिसतो तो निवडलेला मासा. म्हणूनच इथे बसून त्यामागची मरतूक दिसत नाही.


मढकोळीवाडा | मढ

ताई, मी मढची. घरची बोट आहे, पण आता समुद्रात पूर्वीसारखं म्हावरं राहिलं नाही, म्हणून आम्ही काही बायका गट करून खाडीत पिंजरा लावायचा विचार करतोय. जिताडाच सगळे सुचवतात. माझ्या मावशीच्या गटाने दुसरीकडे लावला होता. पिल्लं आली, सोडली, आणि पहिल्या पंधरवड्यात निम्मी गेली. सगळे म्हणाले खाडीचं पाणी खराब. पाणी खराब आहेच, ते मी नाकारत नाही. पण तुमचं वाचल्यावर वाटलं की पिल्लांतच काही असेल का? जिताड्याला हे लागू होतं का?


भरतीओहोटी | अंधेरी

मढकोळीवाडा, तुझ्यासारखं कुणी विचारेल या आशेनेच धागा काढला होता.

जिताडा सॅमनच्या उलट चालतो. अंडी समुद्राच्या तोंडाशी, मग पिल्लं खाडीतून गोड्या पाण्याकडे. आणि तो क्षारता फार मोठ्या पल्ल्यात सोसतो, सॅमनसारखी नेमकी वेळ गाठायची गरज नाही. त्यामुळे स्मोल्टचं गणित इथे लावू नकोस. पण लहानपणी जे घडतं ते पुढे वसूल होतं, हे तंतोतंत लागू आहे.

चेन्नईच्या निमखारे पाणी संस्थेने १९९७ मध्ये बंदिस्त जागेत जिताड्याचं बीज, म्हणजे पिल्लं, तयार केलं. हॅचरीत, म्हणजे बीज तयार करणाऱ्या केंद्रात, पिल्लांना सुरुवातीला रोटिफर, मग आर्टेमिया असे पाण्यातले बारीक जीव देतात. हे जिवंत खाद्य आधी चांगल्या तेलावर पोसलेलं नसेल तर पिल्लात लागणारी स्निग्धाम्लं कमी पडतात, आणि असं पिल्लू दिसतं ठीक पण हाताळणी सोसत नाही. दुसरं, जिताड्यासारख्या माशांच्या पिल्लाला ठरावीक दिवसांत पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो, तेव्हाच पोटातला हवेचा फुगा भरतो. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर तो घोट मिळत नाही. फुगा न भरलेलं पिल्लू डोकं वर करून धडपडत पोहतं आणि त्याचा कणा वाकतो. हे हॅचरीत दोन मिनिटं उभं राहून बघितलं तरी कळतं.

आणि मावशीच्या गटाचं पंधरवड्यातलं मरण. मी तिथे नव्हते, त्यामुळे ठाम सांगणार नाही. पण पहिल्या पंधरा दिवसांत निम्मी जातात तेव्हा मी पाण्याआधी तीन गोष्टी विचारते. हॅचरीतली क्षारता किती होती आणि खाडीतली किती. पिल्लं पिशवीत किती तास होती. आणि सगळी एकाच आकाराची होती का. तिसरं विचारायचं कारण म्हणजे जिताडा आपल्यापेक्षा लहान भावंडांना गिळतो. कित्येकदा पिल्लं मेलेली नसतात, खाल्लेली असतात, आणि पिंजऱ्यात प्रेतं सापडत नाहीत.


पेणचं_तळं | पेण

भरतीओहोटी ताईंचं तिसरं कारण शंभर टक्के. आमच्याकडे तळ्यात जिताडा वडिलांपासून आहे. पूर्वी खाडीतून पिल्लू पकडून आणायचो, ते निसर्गाने निवडलेलं असायचं, कमी मिळायचं पण टिकायचं. आता दक्षिणेकडून हॅचरीचं बीज येतं. अर्धबोटुकली (बोटाएवढंही न झालेलं पिल्लू) स्वस्त मिळते म्हणून लोक घेतात आणि तीच सगळ्यात जास्त एकमेकांना खाते. मी बोटुकलीच घेतो, चार इंचांच्या वरची, आणि ती आधी कापडी हाप्यात, म्हणजे पाण्यात टांगलेल्या बारीक जाळीच्या खणात, महिनाभर ठेवतो. दर चार-पाच दिवसांनी चाळण लावून मोठी वेगळी करायची. कंटाळवाणं काम आहे, पण तळ्यात सोडल्यावर जो फरक पडतो तो डोळ्यांना दिसतो.

आमचं तळं पावसाळ्यात जवळजवळ गोडं होतं. म्हणून मी हॅचरीला आधीच फोन करून सांगतो की पाठवायच्या आठवडाभर आधीपासून पाण्याची क्षारता उतरवत आणा. काही ऐकतात, काही नुसतं हो म्हणतात. क्षारता मोजायचं हातातलं यंत्र घेतलंय, पिशवी उघडल्याबरोबर पहिलं ते लावतो. पिशवीतलं पाणी ३० पीपीटी दाखवत असेल तर कळतं की माझं ऐकलेलं नाही. मग ते पिल्लू दिवसभर टाकीत ठेवून थोडं थोडं तळ्याचं पाणी घालत बसतो.


पशुवैद्य_ठाणे | ठाणे

पेणकर, तुम्ही पिशवीचं पाणी मोजता ही फार मोलाची सवय आहे. एक सुचवतो. मोजलेला आकडा, तारीख, हॅचरी, आकार हे त्या खेपेच्या मरतुकीच्या शेजारीच लिहित चला. कोंबडीत आम्ही पिल्लाच्या खेपेचा क्रमांक शेवटच्या पक्ष्यापर्यंत नेतो. पाचव्या आठवड्यात त्रास झाला तर अंडी कुठल्या कळपाची होती इथपर्यंत मागे जाता येतं.


कल्ले_कल्ले | वर्सोवा

ताई, मोठ्या स्मोल्टबद्दल तुमचं पटलं, पूर्ण नाही पण बरंचसं. वाढीचा वेग आणि आकार या दोन गोष्टी मी एकच धरत होतो. माझ्या प्रयोगात प्रवाहाचा वेग मी सगळ्या टाक्यांत सारखा ठेवला होता, आता एका गटात तो वाढवून बघता येईल का हे मार्गदर्शकांना विचारतो.

मढकोळीवाडा, बीज घ्यायच्या आधी पाच-पंचवीस पिल्लं घेऊन एक साधी परीक्षा करता येते. बादलीत तुमच्या खाडीचं पाणी घ्या, हवेचा दगड (बुडबुडे सोडणारा) लावा, पिल्लं त्यात सोडा आणि दुसऱ्या दिवशी मोजा. ताईंनी सांगितलेल्या २४ तासांच्या चाचणीचीच ही घरगुती आवृत्ती आहे, रक्त न काढता.


मढकोळीवाडा | मढ

सगळ्यांचे आभार. मावशीला फोन केला होता. पिल्लं आदल्या रात्री निघाली होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भर उन्हात सोडली. क्षारता कुणी मोजली नव्हती. आकार लहानमोठे होते हे तिला आठवतंय, कारण मोठी पिल्लं बघून सगळ्या खूश झाल्या होत्या. मेलेली पिल्लं फार सापडली नव्हती.

पेणचं_तळं दादा, तो हापा कुठे शिवून मिळतो आणि जाळीचा डोळा किती ठेवायचा?


पेणचं_तळं | पेण

हापा जाळीवाल्याकडून शिवून घ्या, तुमच्या कोळीवाड्यात माझ्यापेक्षा चांगला शिवणारा मिळेल. डोळा एवढा बारीक की तुमच्या सगळ्यात लहान पिल्लाचं डोकं अडकू नये. पिल्लं वाढली की मोठ्या डोळ्याचा दुसरा लावायचा, नाहीतर शेवाळ धरून पाणी फिरत नाही. आणि सोडायचं ते पहाटे किंवा दिवे लागायच्या वेळी. मी या हंगामात बीज उतरवणार आहे तेव्हा कळवतो, गटातल्या दोघीतिघी येऊन बघा.


भरतीओहोटी | अंधेरी

पेणला जाणार असाल तर मीही येते. मढकोळीवाडा, येताना खाडीतलं पाणी बाटलीत घेऊन ये, एक भरतीचं आणि एक ओहोटीचं, वेगवेगळं. दोन्हींची क्षारता मोजू. हॅचरीला फोन करताना तोच आकडा द्यायचा आहे.